टायर एक, जमिनी अनेक

ट्रॅक्टरचे मागचे टायर बदलायची वेळ आली की घरात आठ-आठ दिवस तोच विषय चालतो. रक्कम लहान नसते. शेवटी एक दिवस कारभारी तालुक्याच्या गावी जातात, दुकानात टायरला अंगठा लावून रबर दाबून पाहतात, वरचे आडवे रबरी पट्टे किती उंच आहेत ते बोटाने मापतात, शेजाऱ्याने कोणत्या कंपनीचा घेतला ते आठवतात आणि घासाघीस करून जोडी घरी आणतात. यात एक प्रश्न बहुधा राहूनच जातो. हा टायर फिरणार कुठे? काळ्या रानात, मुरमाड माळावर, भाताच्या चिखलात, की उसाची ट्रॉली ओढत डांबरी सडकेवर?

बैलाची खरी पारख बाजारात होत नाही, तो नांगराला जुंपल्यावर होते. टायरचेही तसेच आहे. एका रानात गुणी ठरलेला टायर दुसऱ्या रानात जागच्या जागी फिरत बसतो. त्या फिरण्यात डिझेल जाते, वेळ जातो आणि जमीनही बिघडते. म्हणून टायरची परीक्षा घ्यायची ती जमिनीसकट घ्यायची. ही परीक्षा घरच्या घरी, एक खडू आणि चार खुंट्या घेऊन करता येते. ती कशी, हे पुढे सांगतोच. आधी ही गोष्ट जगाला कशी उमगली ते थोडे पाहू.

हवेच्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली घेतले. त्याने लोकांना चाक नुसते दाखवले नाही. तीच गाडी एकदा लोखंडी धावेच्या चाकांवर आणि एकदा आपल्या हवेच्या चाकांवर ओढून, किती जोर लागतो ते मोजून दाखवले. घट्ट, गुळगुळीत सडकेवर हवेच्या चाकाने सुमारे दोन पंचमांश जोर वाचला. नुकत्याच पसरलेल्या गारगोटीच्या खडीवर मात्र दोन तृतीयांश वाचला! चाक तेच, गाडी तीच, जमीन बदलली आणि फायदा बदलला. कारण साधे आहे. कडक चाकाला प्रत्येक दगडावर चढावे लागते, म्हणजे सगळी गाडी उचलावी लागते. हवेचे चाक तो दगड पोटात घेते. ज्यांनी लाकडी चाकाची आणि टायरची अशा दोन्ही बैलगाड्या हाकल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. (टायरची गाडी हलकी चालते म्हणून तिच्यात दुप्पट ऊस भरायचा, हा मात्र बैलावर अन्याय आहे. सपाटीवर वाचलेला जोर चढाला आणि उताराला बैलाच्याच मानेवर येतो.)

थॉमसनचे चाक लोक विसरले. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉईड डनलॉप याने तीच कल्पना नव्याने काढली. हा डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठी त्याने लाकडी चकतीवर हवेची रबरी नळी बसवली, आणि सायकलीचे जुने भरीव चाक व हे नवे चाक अंगणात एकापाठोपाठ लोटून पाहिले. जुने चाक मध्येच कलंडले. नवे अंगणाच्या टोकाला जाऊन आपटून मागे उसळले. इतकी साधी परीक्षा, पण निकाल स्वच्छ.

ट्रॅक्टरला रबर यायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. तोवर ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत आणि त्यांवर फाळासारखी लोखंडी पाती. शेतात ती चाके माती धरत, पण सडकेवर आली की सडक उखडत. अमेरिकेत १९३२ साली ॲलिस-चामर्स कंपनीने विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावाजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात विमानाचे टायर लावून ट्रॅक्टर चालवून पाहिला. कमी हवेवर तो चांगला चालला आणि त्याच वर्षी कंपनीने टायरचे ट्रॅक्टर विकायला काढले. लोकांचा विश्वास बसेना. रबर काय नांगर ओढणार, असेच बहुतेकांचे म्हणणे. मग कंपनीने जत्रांतून आणि मेळ्यांतून टायरच्या ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ साली बार्नी ओल्डफील्ड या नामांकित मोटार-शर्यतवाल्याने टेक्सासमधील डलास येथे असा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांवर पळवला. शेतकऱ्याला त्या वेगाचा काडीचा उपयोग नव्हता, पण बोलबाला झाला.

खरी परीक्षा नेब्रास्का राज्याच्या विद्यापीठात व्हायची. तिथल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याला जाहिरातीला भुलून घेतलेल्या ट्रॅक्टरने चांगलेच फसवले होते. हा गृहस्थ पुढे विधिमंडळात निवडून आला आणि १९१९ साली त्याने कायदाच करवून घेतला, की परीक्षा झाल्याशिवाय त्या राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. १९३४ साली तिथे पहिल्यांदा टायरच्या ट्रॅक्टरची परीक्षा झाली. ती सुरुवातीला मातीच्या धावपट्टीवर होई. पण माती काल कोरडी, आज ओली. कालच्या आणि आजच्या ट्रॅक्टरची तुलना करायची कशी? म्हणून १९५६ पासून काँक्रीटची पट्टी आली.

तुलनेचा प्रश्न सुटला, पण दुसरी गंमत पुढे आली. काँक्रीटवर झिजलेला टायर नव्या टायरपेक्षा चांगला ओढतो! नव्या टायरचे उंच पट्टे कडक जमिनीवर वाकतात, डुलतात. झिजलेला टायर सपाट बसून जास्त रबर टेकवतो. म्हणून अशा परीक्षांत टायर ठरावीक मर्यादेपलीकडे झिजलेला नसावा, असा नियमच करावा लागला. तोच झिजलेला टायर ओल्या रानात नेला तर शेतकरी डोक्याला हात लावून बसेल.

काँक्रीटवरचा आकडा आणि रानातला आकडा यांत किती फरक पडतो, याचा एक ठोकताळा यंत्रतज्ज्ञ वापरतात. जमीन एकेक पायरी मऊ होत गेली की हाती येणारी ताकद मागच्या पायरीच्या ८६ टक्के धरायची. पीटीओवर ५० अश्वशक्ती देणारा ट्रॅक्टर काँक्रीटवर ओढायला फार तर ४३ देतो. घट्ट रानात जास्तीत जास्त ३७ मिळतात, आणि दिवसभर कामात वापरता येतील अशा ३२. नांगरलेल्या रानात त्या २७ होतात आणि भुसभुशीत, मऊ रानात तेवीस-चोवीस. म्हणजे निम्मी ताकद चाक आणि माती यांच्यामध्येच जिरली. इंजिनाला दोष देऊन उपयोग नाही.

आता मातीचे कोडे. अमेरिकेतच अलाबामा राज्यातल्या ऑबर्न येथे १९३५ साली एक प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे मोठमोठे लांबलचक हौद बांधून, त्यांत वेगवेगळ्या जातींची माती आणून भरली. एकात वाळू, दुसऱ्यात चिकण, तिसऱ्यात गाळाची. मग तेच औत आणि तेच चाक या मातीतून त्या मातीत चालवून पाहायचे. अशा प्रयोगांतून पक्की झालेली एक गोष्ट प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने कानात साठवून ठेवण्यासारखी आहे.

डांबरावर किंवा फरशीवर पकड असते ती रबराची. रानात मात्र टायरचे पट्टे मातीत रुततात, पट्ट्यांमधली माती टायरबरोबर येते, आणि घसरते ती मातीवरून माती. तिथे रबर कितीही चांगले असले तरी मातीच्या स्वतःच्या बळापेक्षा जास्त ओढ मिळू शकत नाही. आणि हे बळ दोन प्रकारचे असते. वाळूचे, रेताडाचे, मुरमाचे बळ दाबावर अवलंबून असते. वरून वजन टाकले की कण एकमेकांना घट्ट धरतात. ओल्या चिकण मातीचे बळ तिच्या चिकटपणात असते. वर कितीही वजन टाका, ते वाढत नाही. तिथे उपयोगी पडते ते टायरचे जास्त क्षेत्र जमिनीला टेकणे.

यावरून आपल्याकडचा एक नेहमीचा घोळ उलगडतो. चाक घसरू लागले की आपण पहिल्यांदा वजन वाढवतो. टायरमध्ये पाणी भरतो, चाकांना लोखंडी वजने लावतो. माळाच्या हलक्या जमिनीत आणि कोरड्या रानात हा उपाय लागू पडतो. पण पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत तोच उपाय ट्रॅक्टरला आणखी रुतवतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या पट्ट्यांत भरते आणि चार फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो. तिथे हवा टायर कंपनीने सांगितलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत आणावी, म्हणजे टायर पसरून जास्त जमीन धरतो. आणि सगळ्यांत बिनखर्चाचा उपाय आपल्या आजोबांना ठाऊक होताच : वापसा येईपर्यंत थांबावे. मातीचा मुठीत लाडू करून कमरेइतक्या उंचीवरून टाकावा. फुटून विखुरला तर औत घालावे, पसरट पोळी झाली तर घरी जाऊन चहा घ्यावा. ओल्यात घाई करून नांगरलेल्या रानाची ढेकळे पुढे किती त्रास देतात, हे खुरपणीला जाणाऱ्या बायाबापड्यांना विचारा.

आता घरची परीक्षा. दोन माणसे लागतात. मागच्या चाकाच्या बाजूला खडूने एक ठळक रेघ मारा. ट्रॅक्टर नांगर लावून रोजच्या गिअरमध्ये, रोजच्या खोलीवर चालू द्या. वेग स्थिर झाला की रेघ खाली येताच जमिनीवर खुंटी ठोका आणि चाकाचे बरोबर दहा फेरे मोजून दुसरी खुंटी ठोका. मग नांगर उचलून, तेवढ्याच अंतरावरून, त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर मोकळा चालवा आणि पुन्हा फेरे मोजा. अर्धा-पाव फेरा राहिला तर टायरचे पट्टे मोजून त्याचा हिशेब लावता येतो. मोकळ्या चालीत साडेआठ फेरे भरले, तर ओझ्याखाली दहापैकी दीड फेरा वाया गेला. म्हणजे घसरण १५ टक्के. सातच भरले तर ३० टक्के.

मोजणाऱ्याने ट्रॅक्टरपासून चार-पाच हात दूर राहूनच चालावे. पदर खोचलेला असावा, धोतराचा सोगा लोंबता नसावा. हे काम शाळकरी मुलामुलींना आवडते. पण त्यांना खुंटीपाशी उभे करावे, चाकापाशी नव्हे.

घट्ट रानात ८ ते १० टक्के घसरण चांगली समजतात, नांगरलेल्या रानात ११ ते १३ आणि मऊ, रेताड रानात १४ ते १६. घसरण शून्यावर आणायची नसते. ती फारच कमी निघाली, तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे; ते वजन दिवसभर वागवायला डिझेल जाते आणि त्याखाली जमीन दबते. फार जास्त निघाली तर काय होते त्याचा हिशेब घरच्या कारभारणीने वहीत मांडावा. १२ टक्के घसरणीत चार तासांत होणारी नांगरट ३० टक्क्यांवर पाच तास घेते. इंजिन मात्र पाचही तास तेवढेच डिझेल पीत असते. वर्षभराच्या नांगरटीचे हे तास धरले की टायरच्या जोडीची किंमत कुठून निघते आणि कुठे बुडते, ते आपोआप दिसते.

मोजायला वेळ नसेल तर टायरचा ठसा पाहा. ठसा छापल्यासारखा स्वच्छ उठला तर वजन जास्त आहे. पट्ट्यांमधली माती खरवडून सगळा ठसा पुसला गेला असेल तर चाक स्लिप मारते आहे. कडेचा ठसा शाबूत आणि मधली माती थोडी हललेली, ही बरोबर खूण.

हीच परीक्षा एकाच रानात करून भागणार नाही. पायवाटेच्या घट्ट मुरमावर, कापणीनंतरच्या रानात, नांगरटीत आणि ओलिताच्या पट्टीत अशी चार ठिकाणी करावी आणि आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवावेत. टायर जुना होत जाईल तसे कोणत्या रानात आकडा आधी चढतो ते कळेल. बहुधा तो ओलिताच्या रानात आधी चढतो आणि मुरमावर कितीतरी उशिरा.

घरात लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी याचीच छोटी आवृत्ती आहे. रेडिओच्या रिमोटवर चालणारे खेळण्यातले ट्रक आता खेडोपाडी आले आहेत. शहरांत त्यांच्या मोठमोठ्या शर्यती होतात आणि तिथले हौशी लोक मैदान पाहून टायर बदलतात. सैल मातीला काटेरी मऊ रबर, सतरंजीसारख्या सपाट पट्टीवर बारीक नक्षीचे. त्या टायरात बहुधा हवा नसून फोमची कडी असते. मुलांनी आपल्या ट्रकमागे दोऱ्याने रिकामा डबा बांधावा आणि चाके जागीच फिरू लागेपर्यंत त्यात एकेक खडा टाकत जावे. फरशीवर किती खडे ओढले, सारवलेल्या अंगणात किती, वाळूत किती, ढेकळांत किती? मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कड्या कापून चाकांवर चढवाव्या आणि पुन्हा मोजावे. फरशीवर खडे वाढतील. वाळूत फारसा फरक पडणार नाही; तिथे ट्रकच्या हौद्यातच चार खडे ठेवून पाहावे. वर सांगितलेले मातीचे सगळे शास्त्र पोरांना ओट्यावर बसल्या बसल्या कळेल.

मोठ्या ट्रॅक्टरचे टायर निवडताना दुकानात दोन शब्द ऐकू येतील, आर-१ आणि आर-२. आर-१ हा नेहमीच्या शेतीचा. आर-२ चे पट्टे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच. तो भाताच्या आणि उसाच्या ओल्या रानासाठी असतो. उंच पट्टे पाहून मोहात पडणारे पुष्कळ आहेत. माझे स्पष्ट मत असे, की ज्याचा ट्रॅक्टर वर्षातले निम्मे दिवस ट्रॉली घेऊन सडकेवर असतो, त्याने आर-२ च्या वाटेला जाऊ नये. ते उंच पट्टे डांबरावर भराभर झिजतात आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी करतात. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीला टायरला जोडून लोखंडी केज व्हील लावतात, तो उपाय त्या चिखलापुरता उत्तम आहे. फक्त ती चाके काढल्याशिवाय सडकेवर येऊ नये.

आपल्या देशात ट्रॅक्टरची परीक्षा मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनी येथील केंद्रीय संस्थेत होते. ती १९५५ पासूनची. तिच्या अहवालात ओढण्याची ताकद वेगळी, कोरड्या रानातले काम वेगळे आणि चिखलणीचे काम वेगळे दिलेले असते. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा आणि आपले रान ज्या पानावर आहे ते पान आधी वाचावे.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ट्रॅक्टर चिखलात फसला की मागच्या चाकाला लाकडी ओंडका बांधून तो काढायची पद्धत कुठे कुठे आहे. ती जीवघेणी आहे. ओंडका अडकला की चाक फिरू शकत नाही. मग इंजिन चाकाऐवजी ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरवते. पुढची चाके वर उचलली जातात आणि पापणी लवायच्या आत ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. फसलेला ट्रॅक्टर उलट गिअरमध्ये हळू मागे घ्यावा, चाकांपुढची माती फावड्याने काढावी, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा.

टायरमध्ये पाणी भरायचेच असेल तर चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा. त्यातून पाणी बाहेर येऊ लागले की टायर सुमारे पाऊण भरला; उरलेली जागा हवेची. हवा मोजतानाही व्हॉल्व्ह वरच असू द्यावा, नाहीतर मीटरात पाणी जाते. ट्रकच्या टायरचे मीटर इतक्या कमी हवेला नीट दाखवत नाही, म्हणून कमी पौंडाचे मीटर वेगळे घ्यावे. रानातली हवा आणि सडकेवर भरलेल्या ट्रॉलीची हवा वेगवेगळी असते. दोन्ही आकडे टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतात. आणि नवा टायर बसवून झाल्यावर ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहावे. पट्ट्यांची टोके वर, आभाळाकडे दिसली पाहिजेत. ती खाली दिसली तर टायर उलटा बसला आहे. चिखल बाहेर पडण्याऐवजी आत कोंबला जाईल. दुकानातून निघण्यापूर्वीच तो फिरवून घ्यावा.